गिरनारला निघताना

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आईला घेऊन पायथ्यापासूनच चढणार, रोपवे नको." मी गप्प राहिलो. जे सांगायचं होतं ते फोनवर नीट जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

२००६ साली मी अण्णांना घेऊन गिरनारला गेलो होतो. अण्णा दत्तशिखरापर्यंत पोचले नाहीत, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. का पोचले नाहीत, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रात्री साडेअकराला पहिल्या पायरीजवळच्या मारुतीला नमस्कार करून आम्ही निघालो. पायथ्याशी अनामत ठेवून दोन काठ्या घेतल्या. पायऱ्यांवर अधूनमधून रंगाने आकडे लिहिलेले असतात. मी बॅटरी मारून तेच बघत होतो, कारण सूर्योदयाला दत्तशिखरावर असायचं, हे मी घरूनच ठरवून आलो होतो. अण्णा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. पन्नास-साठ पायऱ्या झाल्या की कठड्याला टेकायचे आणि पुटपुटायचे, "अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त." मी तोवर वरच्या वळणावर पोचलेला असायचो. तिथून त्यांच्या तोंडावर बॅटरी मारत उभा राहायचो. नेमिनाथाच्या देवळांपाशी ते म्हणाले, "जरा बसू या रे." मी म्हणालो, "अण्णा, अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही."

अंबाजी गेलं, मग गोरक्षशिखर. गोरक्षशिखर अकराशे मीटरच्या वर आहे, गुजरातमधलं सर्वांत उंच ठिकाण. दत्तशिखराला जायचं तर तिथून पुन्हा खूप खाली उतरायचं आणि समोरचा सुळका नव्याने चढायचा. उजाडायला लागलं होतं. अण्णांनी खाली जाणाऱ्या पायऱ्या बघितल्या, मग समोरचं शिखर बघितलं आणि बसले. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडेना, इतके हात थरथरत होते. मी ते उघडून दिलं. "तू जाऊन ये," म्हणाले, "मी इथूनच हात जोडतो."

आणि मी गेलो, चिऊ.

वरची जागा अगदी लहान आहे. रांगेतून पुढे सरकायचं, पादुकांवर डोकं टेकवायचं की लगेच मागच्याला जागा द्यायची. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. परत आलो तर अण्णा त्याच जागी, दत्तशिखराकडे तोंड करून, काठी मांडीवर आडवी. त्यांनी विचारलं, "झालं का दर्शन? कशा आहेत रे पादुका?" मला सांगताच येईना. मी बघितल्याच नव्हत्या धड. "छान आहेत," एवढंच म्हणालो. ते त्यावरच खूश झाले. पुढे जाईन म्हणत राहिले, पण ते राहूनच गेलं.

म्हणून तुला सांगतो, आईला रोपवेनेच ने. २४ ऑक्टोबर २०२० पासून तो सुरू आहे, भवनाथ तळेटीहून अंबाजीपर्यंत काही मिनिटांत पोचवतो. दहा हजारांतल्या जवळजवळ निम्म्या पायऱ्या वाचतात. यात्रा त्याने कमी होत नाही. पुढचे चढ-उतार जाऊन-येऊन करायचेच आहेत, आणि आईच्या गुडघ्यांना ते पुष्कळ आहेत. वारा जास्त असला की रोपवे बंद ठेवतात, तेव्हा हातात एक दिवस जास्तीचा ठेव. तिला फारच झालं तर डोली कर. डोलीवाले वजनावर पैसे ठरवतात, तेव्हा आई लाजेल. तू तिथे उभी राहून सगळं सहज बोलून टाक.

सोमवार साधता आला तर बघ. त्या दिवशी सकाळी कमंडलू कुंडापाशी धुनी प्रज्वलित होते. पिंपळाची लाकडं रचतात आणि ती आपोआप पेटते, अशी श्रद्धा आहे. दुष्काळात अनसूयामातेने दत्तप्रभूंना तपातून हाक मारली, त्यांचा कमंडलू खाली पडून दुभंगला, एका जागी अग्नी आला आणि दुसऱ्या जागी पाणी, ही गोष्ट अण्णा तुला सांगायचे, आठवतंय? तिथे येणाऱ्या प्रत्येकाला जेवायला वाढतात. आईला तिथे निवांत बसू दे.

आणखी एक. जुनागढहून भवनाथला जाताना वाटेत अशोकाचा शिलालेख आहे. त्याच खडकावर पुढे रुद्रदामन आणि स्कंदगुप्ताच्या काळातही लेख कोरले गेले, सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधल्याचे. आईने शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण तो खडक तिने अजून पाहिलेला नाही. रिक्षा थांबव.

गोरक्षशिखरावर ती बसली तर तूही बस. पाण्याच्या बाटलीचं झाकण आधीच सैल करून ठेव. ती "तू जाऊन ये" म्हणेल, मला माहीत आहे. तेव्हा उठू नकोस लगेच. तासभर लागला तर लागू दे. उतरायची तिची तयारी झाली तर तिच्या पुढे नको, बरोबरीने चाल. नाहीच झाली, तर तिथूनच दोघी हात जोडा आणि परत फिरा. मला चालेल.

अण्णांनी ती काठी परत केली नव्हती, अनामत सोडून घरी आणली. माळ्यावरून काल खाली काढली, पुसली, टोकाला नवं रबर बसवलं. बुधवारी आईबरोबर पाठवतोय. उंचीला तिला बरोबर होते, मी बघितलंय.

जय गिरनारी.

तुझा,
बाबा