सेट टॉप बॉक्सच्या जाहिरातीत टीव्हीची पाठ दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीव्ही ‘डिजिटल’ करण्याच्या जनहितार्थ जाहिराती आपल्याकडे २०१२ पासून लागत आल्या आहेत. मुंबईतल्या केबलला त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरची मुदत होती. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे शहरांना ३१ मार्च २०१३ ची, आणि बाकीची शहरे व खेडी त्यापुढे २०१७ पर्यंत ओढली गेली. दूरदर्शनची जमिनीवरून चालणारी जुन्या पद्धतीची (ॲनालॉग) प्रक्षेपणेही जवळपास सगळी थांबली. सरकारदरबारी हा विषय संपला. घरात मात्र तो दर दोन-तीन वर्षांनी नव्याने सुरू होतो. कधी केबलवाला बॉक्स बदलून देतो, कधी मुलगा दिवाळीला सपाट टीव्ही आणतो, कधी दूरदर्शनच्या फ्री डिशवरचे रोजचे चॅनेल अचानक दिसेनासे होते. अशा वेळी पडद्याच्या तळाशी एक पट्टी धावते, वेगाने आणि बारीक अक्षरांत, आणि शेवटी सांगते, ‘अधिक माहितीसाठी संकेतस्थळ पाहा’. सत्तरी ओलांडलेल्या प्रेक्षकाने तिचे काय करायचे? केबल आणि डीटीएचच्या जोडणीचे काम करणाऱ्यांना रोज ज्या तक्रारी येतात, त्यांची उत्तरे या जाहिरातींत असायला हवीत.

‘टीव्ही बिघडला’ असा फोन आला की बहुतेक वेळा टीव्ही ठणठणीत असतो. टीव्हीच्या रिमोटवरचे ‘सोर्स’, ‘इनपुट’ किंवा ‘टीव्ही/एव्ही’ हे बटण चुकून दाबले गेलेले असते आणि पडदा निळा किंवा काळा होऊन ‘नो सिग्नल’ म्हणत असतो. बॉक्सची वायर एव्हीच्या छिद्रात असेल तर ‘एव्ही’, एचडीएमआयमध्ये असेल तर त्याच क्रमांकाचा ‘एचडीएमआय’ निवडायचा, एवढाच उपाय. हे बटण एकदा दाबल्यावर यादी उघडते आणि पुन्हा दाबत गेल्यावर पुढची ओळ निवडली जाते. काही टीव्हींवर शेवटी ‘ओके’ही दाबावे लागते. हा खेळ पंधरा सेकंदांत दाखवता येतो. पण जाहिरातीत दिसते ते सोफ्यावर बसून हसणारे कुटुंब. टीव्हीची मागची बाजू एकाही फ्रेममध्ये नसते, आणि सगळा घोळ तर तिथेच असतो.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन छिद्रे असतात. पिवळे चित्राचे, बाकी दोन आवाजाची. टीव्हीला आवाजाचे एकच छिद्र असेल तर पांढरी पिन त्यात घालायची आणि लाल मोकळी सोडायची. फार जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाचे छिद्र असते. त्याला मध्ये आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लागते, हे दुकानदारही सांगत नाही आणि म्हातारा माणूस तीन पिना हातात घेऊन बसतो. नव्या सपाट टीव्हींत वेगळीच गंमत असते. पिवळ्याऐवजी तिथे कधी कधी हिरवे छिद्र असते, ज्यावर ‘वाय’ आणि ‘व्हिडिओ’ दोन्ही लिहिलेले असते. पिवळी पिन त्यातच जाते, पण सोर्समध्ये ‘एव्ही’ऐवजी ‘कम्पोनंट’ निवडले तर चित्र काळे-पांढरे दिसते. काही बॉक्सना हेडफोनसारखे एकच बारीक छिद्र असते. त्याच्या वायरीतली मांडणी कंपनीगणिक बदलते, त्यामुळे बाजारातली वायर आणून रंगाला रंग जुळवला तरी आवाजात घरघर येते आणि चित्र येत नाही. पिवळी आणि लाल पिन आपसांत बदलून पाहावी. तरीही जमले नाही तर त्या बॉक्सचीच वायर आणावी लागते.

दुसरी मोठी गैरसमजूत सिग्नलची. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या येत, पण चेहरे ओळखू येत. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते, मग एकदम चौकोनी तुकड्यांत फुटते, गोठते आणि जाते. सवयीने लोक टीव्हीवर थाप मारतात. बघायचे असते ते बॉक्सच्या मागे स्क्रूसारख्या फिरणाऱ्या पिनकडे: ती हाताने घट्ट करावी, आतली तांब्याची तार वाकलेली किंवा हिरवी पडलेली नाही ना ते पाहावे. पिन काढण्याआधी बॉक्सचा वीजपुरवठा बंद करावा, कारण डीटीएचच्या वायरीतून छत्रीवरच्या (डिशवरच्या) एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज जात असते. जोराच्या पावसात छत्रीचा सिग्नल जातोच. सर उतरेपर्यंत थांबावे, रिमोट हाती घेऊ नये. त्या वेळी मेनूत शिरून केलेली खटपटच नंतर निस्तरावी लागते.

फ्री डिशबद्दल तर जाहिरातींनी फारच कमी सांगितले आहे. ही सेवा २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतल्यावर तिला महिन्याचे शुल्क नाही, रिचार्जही नाही. तरी ‘नूतनीकरणाचे’ पैसे मागणारे भेटतात आणि ज्येष्ठ ते देतात. ‘फ्री डिशला रिचार्ज नसतो’ हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत दहा सेकंद थांबले तरी पुष्कळ होईल. खासगी चॅनेल इथे लिलावाने येतात-जातात, म्हणून चॅनेल गायब झाले तर आधी मेनूतून ‘ऑटो स्कॅन’ करावे. पासवर्ड विचारला तर अनेक बॉक्सना ०००० चालतो. स्कॅननंतरही चॅनेल मिळाले नाही आणि शेजाऱ्याकडे दिसत असेल, तर आपला बॉक्स चित्र दाबून पाठवण्याच्या जुन्या, एमपेग-२ पद्धतीचा असण्याचा संभव आहे. नव्या एमपेग-४ पद्धतीतली चॅनेल त्याला उलगडत नाहीत. त्यासाठी बॉक्स बदलावा लागतो, छत्री तीच चालते. ती महाराष्ट्रात आग्नेयेला तोंड करून असते. त्या बाजूला नारळ वाढला किंवा इमारत उठली तर सिग्नल अडतो.

रिमोट दोन असणे हीच अनेकांची खरी अडचण. टीव्हीचा रिमोट चालू-बंदपुरता आणि बॉक्सचा बाकी सगळ्यासाठी, अशी वाटणी करून द्यावी. बॉक्सच्या अनेक रिमोटवर टीव्हीची चार-पाच बटणे शिकवण्याची सोय असते, ती जोडणी करणाऱ्यानेच करून द्यावी. ‘ऑडिओ’ किंवा ‘लँग’ या बटणावर कागदी चिकटपट्टी लावावी. ते दाबले गेले की मालिका अचानक तमिळ किंवा तेलुगू बोलू लागते आणि आजी घाबरतात. जुन्या टीव्हीवर माणसे उभी ताणलेली दिसत असतील तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार १६:९ वरून ४:३ लेटरबॉक्स करावा.

परदेशांनी हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली व्हाइटहेवनपासून एकेक विभाग डिजिटल होत २४ ऑक्टोबर २०१२ ला उत्तर आयर्लंडमध्ये शेवट झाला. ७५ वर्षांवरील आणि अपंग प्रेक्षकांसाठी तिथे वेगळी मदत योजना होती: चाळीस पौंडांत, आणि उत्पन्न कमी असेल तर फुकट, उपकरण मिळे, माणूस येऊन जोडून, वापरून दाखवून जाई, पुढे वर्षभर मदतही मिळे. जपानची युक्ती मला जास्त आवडते. २४ जुलै २०११ ला बहुतेक देशात ॲनालॉग बंद व्हायचे होते. १ जुलैपासून ॲनालॉग प्रक्षेपणाच्याच पडद्यावर डाव्या कोपऱ्यात उरलेल्या दिवसांचा मोठा आकडा दिसू लागला. ज्याने बदल केला होता त्याला तो दिसत नसे. सूचना नेमकी त्यालाच मिळे, ज्याला तिची गरज होती. आपल्याकडे बॉक्सवर थेट संदेश पाठवण्याची सोय केबल आणि डीटीएच कंपन्यांकडे आहे; ती बिल थकल्याची आठवण देण्यासाठी मात्र चोख वापरली जाते.

म्हणून माहिती खात्याला आणि प्रसार भारतीला विनंती की पुढची जाहिरात मराठीतच लिहून घ्यावी, हिंदीवरून डब केलेली नको. पार्श्वसंगीत काढावे, मदतीचा क्रमांक दोनदा सावकाश उच्चारावा आणि पडद्यावर निदान दहा सेकंद ठेवावा. वेळ सह्याद्रीवरच्या सायंकाळच्या बातम्यांच्या आधीची घ्यावी, आकाशवाणीच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्यांच्या जवळचीही घ्यावी. वृत्तपत्रांत कापून टीव्हीमागे चिकटवता येईल असे आकृतीचे चौकोन छापावेत, आणि तेच चित्र वीजबिलाच्या मागे. त्या चौकोनात ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाइल आणि केबलवाल्याचा फोन हाताने लिहिण्यासाठी तीन रिकाम्या ओळी ठेवाव्यात. नोंदवलेला मोबाइल पुष्कळदा परगावच्या मुलाचा असतो आणि ओटीपी तिकडे जातो. तो क्रमांक बदलून घेण्याची पद्धतही तिथेच एका ओळीत द्यावी.

— एक सेट टॉप बॉक्स तंत्रज्ञ, सातारा