बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

धर्मांतर हा विषय वृत्तपत्रांत येतो तो बहुधा कायद्याच्या, आकड्यांच्या किंवा एखाद्या वादाच्या निमित्ताने. कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून धर्म बदलला, येथे चर्चा सुरू होते आणि तेथेच संपते. आम्हा ख्रिस्ती लोकांचेही फारसे वेगळे नाही. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नोंदवहीत बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची (मोठेपणी बाप्तिस्म्याची शपथ स्वतः पक्की करण्याच्या विधीची), विवाहाची आणि दफनाची तारीख असते. मधल्या काळात तो माणूस आतून किती बदलला, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. शिष्यत्वाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणे जगण्याचा, प्रश्न त्या मधल्या काळाचा आहे, आणि त्याविषयी महाराष्ट्रातच पुरेसा अनुभव जमा असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या विदुषीने डोळे मिटून काही स्वीकारले नव्हते; त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धान्तावर त्या आपल्या गुरू असलेल्या इंग्रज ख्रिस्ती संन्यासिनींशी पत्रांतून खडाखडी वाद घालत होत्या. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, तेथे व्याख्याने दिली, मदत उभी केली आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. एवढे सगळे केल्यानंतर त्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या आत्मकथनात, जे कबूल केले आहे, ते वाचून कोणत्याही जन्मजात ख्रिस्ती माणसाने चपापावे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. म्हणजे बुद्धीला पटले होते, विधी झाला होता, लोकसेवाही चालू होती, आणि तरीही मूळ गोष्ट व्हायची राहिली होती! आमच्यातील किती जणांना असे म्हणण्याचे धैर्य होईल?

या आंतरिक बदलाचे पडसाद बाहेर कसे उमटले, हे पाहण्यासारखे आहे. 1893 साली धर्मप्रसाराच्या आक्षेपावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु त्यानंतरच्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून निराधार मुलींना घेऊन आल्या. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. रमाबाईंनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये कोणत्याही जातीची मुलगी आली, आंधळी आली, समाजाने टाकलेली आली. हा निव्वळ योगायोग होता असे मानायला माझे मन तयार नाही. 1905 साली तेथे झालेल्या जागृतीच्या, म्हणजे सामूहिक भक्तीच्या उधाणाच्या, कथा आमच्या सभांतून रंगवून सांगितल्या जातात. मला मात्र तेथील छापखाना अधिक बोलका वाटतो. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या, आणि त्याचे छपाईचे खिळे आश्रमातील मुली जुळवीत होत्या. रमाबाई 1922 साली वारल्या. ते संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडले. भावनेचा पूर ओसरल्यावर जे उरते, ते असे रोजच्या कामात दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. पुढे पतीकडे राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि वेगळा स्वयंपाक चालू ठेवला. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, देवाने नव्हे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले, आणि त्यांनी तो सोडला तो बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली झाला. स्वतः टिळकांनी तर 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्याचे दार उघडे ठेवले. ही कल्पना अनेक मिशनऱ्यांना रुचली नाही. विधीचे महत्त्व कमी होईल ही त्यांची भीती मला समजते; तरीही टिळकांनी बोट ठेवले होते ते दुखऱ्या जागेवरच.

ती जागा आजही तेवढीच दुखरी आहे. आमच्याकडे लग्नाचे स्थळ आले की मुलाचे शिक्षण आणि नोकरी विचारून झाल्यावर आवाज जरा खाली आणून ‘पण मूळचे कोण?’ असे विचारले जाते. विचारणारे अनेकदा दर रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर बसणारे आणि प्रभुभोजन चुकू न देणारे असतात. मंडळ्यांच्या मिळकतींचे दावे न्यायालयांत वर्षानुवर्षे चालतात, आणि त्यातील दोन्ही पक्ष क्षमेवरची प्रवचने सारख्याच भक्तिभावाने ऐकतात. ‘नव्याने जन्मल्यावाचून’ देवाचे राज्य दिसणार नाही, हे येशूने सांगितले ते निकदेमाला, एका विद्वान, धर्मनिष्ठ आणि प्रतिष्ठित माणसाला. कोणा पाखंड्याला नव्हे. हा अध्याय आम्ही नेहमी इतरांना वाचून दाखवतो, ही त्यातली गंमत.

मंडळ्यांच्या पाळकांना आणि धर्मगुरूंना माझी विनंती एवढीच की दृढीकरणाच्या वर्गात मुलांकडून विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची कबुली) आणि बायबलमधील दहा आज्ञा पाठ करून घेताना रमाबाईंच्या साक्षीतील तो कबुलीचा भागही त्यांना वाचायला द्यावा, आणि ‘मूळचे कोण?’ या प्रश्नावर त्यांच्या आईवडिलांसमोर एकदा मोकळेपणाने बोलावे. आपल्या वृत्तपत्रानेही येत्या नाताळच्या पुरवणीत केक आणि रोषणाईच्या जोडीला या विषयासाठी अर्धे पान राखून ठेवावे.

आपला विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर