फोटोबरोबर डबाही बघा

संपादक साहेब, नमस्कार.

जागतिक छायाचित्रण दिनासाठी तुम्ही वाचकांची जी फोटो स्पर्धा ठेवलीय तिची जाहिरात वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. नियम काय तर डीएसएलआर किंवा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा महागडा कॅमेराच हवा, मोबाइल चालणार नाही, फोटो अमुक पिक्सेलच्या खाली नको. म्हणजे आमच्यासारख्यांनी नुसतं बघायचं. पहिलं बक्षीस कशाला जाणार तेही आत्ताच सांगते, खाडीतला फ्लेमिंगो, पंख उघडलेले, मागे सोनेरी उजेड. फोटो सुंदर असतो, वाद नाही, पण तो काढायला जी लेन्स लागते तेवढ्या पैशात आमच्या ऐरोलीत लोक स्कूटर घेतात.

माझं म्हणणं एवढंच की एक गट घरगुती प्रयोगांचा ठेवा. अट एकच, फोटोबरोबर तो ज्या वस्तूने काढला तिचाही फोटो पाठवायचा आणि मार्क दोन्हीला मिळून द्यायचे. मग तो डबा असो, पुठ्ठा असो नाहीतर सासऱ्यांचा जुना चष्मा.

चष्म्याचं खरंच सांगते, कारण हा प्रयोग कुठल्याही टू बीएचकेमध्ये होतो. चाळिशीचा चष्मा प्लस एक नंबरचा असेल तर त्याची काच लांबचं दृश्य बरोब्बर एक मीटरवर गोळा करते, प्लस दोन असेल तर अर्ध्या मीटरवर, हिशोब सोपा आहे, एकला नंबराने भागायचं. आम्ही बेडरूमची खिडकी काळ्या कार्डशीटने पूर्ण बंद केली, कडांना चिकटपट्टी मारली, मधे काचेपेक्षा थोडं लहान भोक पाडून त्यावर ती काच चिकटवली आणि आत मीटरभर अंतरावर पांढरी चादर धरली. बाहेर कडक ऊन हवं, मे महिन्यात ते फुकट मिळतं. चादरीवर समोरची अख्खी बिल्डिंग उतरली, रंगीत, उलटी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या खाली लोंबतायत, वाळत घातलेल्या साड्या वरच्या दिशेला फडफडतायत, आणि एनएमएमटीची बस चादरीच्या वरच्या काठाने उलटी होऊन उलट्या दिशेला गेली. शेजारच्या काकू भाजी निवडायची सोडून बघत बसल्या आणि विचारतात कसे, हे कुठल्या चॅनेलवर लागतं गं? भाच्याने चादरीचाच फोटो मोबाइलवर काढला. आता हा फोटो तुमच्या नियमात बसत नाही. आणि कॅमेरा म्हणजे काय हे त्या पोराला त्या दुपारी जेवढं कळलं तेवढं शाळेच्या पुस्तकातल्या प्रकाशाच्या धड्यातून कळलं नव्हतं, हे त्याच्या आईचं मत, माझं नाही.

फ्लेमिंगोचा विषय निघालाच आहे तर त्याचंही. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला, पक्षी थंडीत येतात ते मेपर्यंत दिसतात, आणि सीवूड्सच्या पाणथळीवर तोफेएवढ्या लेन्सा लावून रांग उभी असते. आपल्याकडे असते ती साधी दुर्बीण. तिच्या डोळा लावायच्या बाजूवर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपचा कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायचा तुकडा, हार्डवेअरवाल्याकडून आणायचा (दुर्बीणच दुकानात घेऊन जा, मापावरून वाद होत नाहीत), तो मोबाइलच्या जुन्या बॅक कव्हरवर कॅमेऱ्याच्या भोकाभोवती एम-सीलने बसवायचा की झालं. कडेला काळं वर्तुळ दिसतं, थोडं झूम केलं की जातं. हात हलतो म्हणून कापडी पिशवीत राजमा भरून ती कठड्यावर ठेवायची आणि वर दुर्बीण. पंखाचं पीस न् पीस दिसेल असं काही मी म्हणत नाही, पण चोच चिखलात घालून चाललेला पक्षी ओळखू येतो, आणि तो फोटो आपण बनवलेल्या वस्तूतून आलेला असतो.

ज्यांच्याकडे डीएसएलआर आहे त्यांनाही या गटात काम आहे. लेन्स काढल्यावर कॅमेऱ्याच्या तोंडाला लावतात त्या झाकणाला, म्हणजे बॉडी कॅपला, मधोमध भोक पाडा, कोल्ड्रिंकच्या कॅनचा छोटा तुकडा घ्या, त्यावर सुईचं टोक फक्त टेकवून दाबा, आरपार खुपसू नका, मागचा उंचवटा पॉलिश पेपरने घासा, भोक साधारण ०.३ मिलिमीटरचं झालं की तो तुकडा कॅपला लावा. लेन्स नाहीच. भर उन्हातसुद्धा सेकंदभर उजेड आत घ्यावा लागतो, फोटो मऊ येतो, पण जवळचं लांबचं सगळं सारखंच फोकसमध्ये. ठाण्याच्या तलावपाळीवर गर्दीच्या वेळी असा फोटो काढला तर चालणारी माणसं विरघळून जातात आणि बाकावर बसलेले आजोबा तेवढे उरतात.

आता कोणी म्हणेल हे जुगाड आहे, फोटोग्राफी नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्याच्या पुढच्याच वर्षी. तेव्हाच्या हौशी लोकांना काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून, ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवावा लागायचा, सगळं स्वतः. आणि आपले दादासाहेब फाळके? १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला पण सिनेमाला पैसे कोण देणार, तर कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण करून रोप भराभर वाढताना पडद्यावर दाखवलं आणि पैसे उभे राहिले. आज तेच टाइमलॅप्स प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, मेथीचे दाणे आणि मोबाइल टेकवायला एक डबा एवढ्यावर होतं, पण मोबाइल तर तुम्ही बादच केलाय.

परीक्षकांसाठी एक सूचना. गणपती जवळ आले की मखरांचे फोटो येतील आणि त्यात आडवे काळे पट्टे दिसले तर फोटो खराब म्हणून टाकू नका, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी माळेचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. त्यापेक्षा जाहिरातीतच छापा की शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, बहुतेक पट्टे जातात.

आणि लहान मुलं भाग घेणार असतील तर नियमांत दोन गोष्टी ठळक अक्षरात हव्यात. दुर्बिणीतून किंवा कुठल्याही भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही. दुसरं, जुना फ्लॅशवाला कॅमेरा उघडायचा नाही, सेल काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहिलेला असू शकतो आणि तो जबर झटका देतो. भंगारातून असे कॅमेरे पोरं हौसेने आणतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

बक्षीस मोठं नको, पाचशे रुपये आणि छापलेला फोटो पुरे. यंदा नियम बदलायला उशीर झाला असेल तर पुढच्या वर्षी करा, पण गट ठेवा, आणि कपलर कसा बसतो ते बघायचं असेल तर कळवा, दुर्बीण घेऊन ऑफिसात येते.

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई