चलनाच्या पाठीमागचा शिक्का

वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

खरं तर हे तोंडानं सांगायला हवं होतं. पण ऑफिसात आलो की तुम्ही चहा सांगता आणि पुढची फाईल उघडता, आभाराचं राहूनच जातं. शिवाय कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत माझ्यासारखे बरेच जण थकलेली बिलं उशाला घेऊन झोपतात. त्यांच्याही नजरेला पडावं म्हणून उघडच लिहितोय.

पहिल्यांदा आलो तेव्हा पिशवीत १४ बिलं होती. पुण्याकडच्या एका कंपनीला आमची फौंड्री ब्रॅकेटची कास्टिंग देत होती, त्यांच्याकडं ११ लाख ४० हजार अडकले होते. वर आठ महिन्यांनी त्यांनी रिजेक्शनच्या डेबिट नोटा, म्हणजे माल नाकारून बिलातनं पैसे कापल्याचे कागद, पाठवल्या. ओतकामात हवेची भोकं, ब्लो होल आहेत, म्हणे! मी भांडणाची तयारी करून आलो होतो. माल कसा चोख होता, त्यांचा परचेसवाला फोनवर काय काय बोलला, सगळं पाठ होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "उद्यमची नोंदणी कधीची?" लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी असते ती नोंदणी, आमची २०२० ची. पहिलं बिल त्यानंतरचं. "मग बिलं राहू द्या, चलनं काढा."

चलन म्हणजे मालासोबत जाणारी पोचपावती. तुम्ही एकेक चलन टेबलावर पालथं घातलंत. पाठीमागं त्यांच्या गेटचा निळा शिक्का, त्यात तारीख, खाली स्टोअरवाल्याची सही. आम्ही ती चलनं आजवर नुसती तारेला अडकवून ठेवायचो. तुम्ही पेन्सिलनं प्रत्येक शिक्क्याशेजारी १५ दिवसांनंतरची तारीख लिहीत गेलात आणि मग म्हणालात, "मालावर हरकत असेल तर ती १५ दिवसांत लेखी यावी लागते. नाही आली तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला, असं कायदा धरतो." २००६ चा हा लघुउद्योगांचा कायदा मला फक्त '४५ दिवसांत पैसे' एवढाच ठाऊक होता. करारात ९० दिवस लिहून घेतले तरी ४५ च्या पुढं जाता येत नाही, उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ, हे तुमच्याकडून कळलं.

एका चलनापाशी मात्र तुम्ही थांबलात. त्या मालावर नवव्या दिवशीच त्यांचा मेल आला होता, फोटोंसकट. मी तो मेल सांगितलाच नव्हता, तुम्ही माझ्याच फाईलमधून शोधून काढलात. "हे बिल बाजूला ठेवा. हे आत घातलं तर बाकीच्या तेरांवरचा विश्वास जाईल." त्या दिवशी मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी येऊन आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वकील आपला आहे का त्यांचा?"

कमर्शियल कोर्टात जायचं तर तीन लाखांपासून पुढच्या दाव्याला, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर, आधी मध्यस्थीची पायरी आहे. त्यापेक्षा याच २००६ च्या कायद्यातल्या, लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाऊ, असं तुम्ही सुचवलंत. त्या कंपनीचा माणूस फोनवर गुरगुरला, "हायकोर्टात बघून घेतो." पूर्वी हे वाक्य ऐकलं की आमच्या डोळ्यांपुढं मुंबईला जायची महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र उभी राहायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच बसतं, त्यामुळं निदान ती धास्ती कमी झालीय. तुम्ही तर हसलात. "येऊ दे की! कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरून यावं लागतं." हे त्यांच्या वकिलानंही त्यांना सांगितलं असणार, कारण समेटाच्या दुसऱ्याच तारखेला त्यांचा आवाज खाली आला.

व्याजातलं थोडं सोडा, असं तुम्हीच म्हणालात. "पुढच्या दिवाळीपर्यंत भांडायचंय का या दसऱ्याआधी पगार करायचेत?" तीन चेक ठरले. तिसरा परत आला. चौथ्या दिवशी तुमची चेक न वटल्याची, कलम १३८ ची नोटीस गेली, आणि १५ दिवसांची मुदत संपायच्या आत आरटीजीएस जमा.

उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर तुमच्या ऑफिसबद्दल काय बोलतात, ते तुमच्यापर्यंत पोचत नसेल. वसुलीला आणि कराराला डोळे झाकून जावा, म्हणतात. पण वाटणीची, बांधाची भांडणं घेऊन गेलात तर दारातनं परत पाठवतील. चुलत्याच्या जमिनीचं घेऊन आलो तेव्हा मलाही पाठवलंत, कसबा बावड्याच्या एका ज्येष्ठ वकिलांकडं, आधी स्वतः फोन करून. एका ओळीची नोटीस पाठवायलासुद्धा हो म्हणाला नाहीत. गाड्यावर याचीच चर्चा जास्त असते.

माझा मेव्हणा चपला करतो. त्याला 'कोल्हापुरी' हे नाव स्वतःच्या नावावर करून हवं होतं. तुमच्या ट्रेडमार्कच्या टेबलावरच्या त्या पोरानं त्याला तासभर बसवून समजावलं, की ते भौगोलिक मानांकन आहे, २०१९ चं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचं, एकट्याचं होत नसतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद कर आणि ट्रेडमार्क हवाच असेल तर स्वतःच्या दुकानाच्या नावाचा घे. फी फक्त अर्जाची घेतली. मेव्हणा अजून त्या पोरासाठी चपलांचा जोड बांधतोय, माप तेवढं विचारून ठेवा.

एक तक्रारही आहे. संध्याकाळी सहाच्या आत तुमचा फोन लागत नाही, आणि आमची भट्टी सहालाच तापलेली असते.

तुम्ही कोटेशनखाली छापायला दिलेल्या दोन ओळी आता सगळ्या कोटेशनवर आहेत. नव्या गिऱ्हाइकानं त्यावर नाक मुरडलं, पण सही केली. या महिन्याची चलनं सोमवारी पाठवतो. शिक्के सगळ्यांवर आहेत, दोन सोडून. ड्रायव्हरला बोललोय.

आपला,
शिरोलीतला एक फौंड्रीवाला