प्रकाशवर्षांचा आकडा येतो कुठून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमुक तारा इतकी प्रकाशवर्षं दूर, अशा बातम्या येतात. तो आकडा कसा काढला, हे त्यात नसतं. ताऱ्याकडे प्रकाश पाठवून तो परतण्याचा वेळ मोजतात, असा अनेकांचा समज असतो. चंद्रापुरतं ते खरं आहे : तिथल्या आरशांवर सोडलेला लेसर अडीच सेकंदांत परततो. ताऱ्याचा मात्र कोन मोजावा लागतो.

इंदूरच्या कुठल्याही शाळेत हे तासाभरात दाखवता येईल. ध्वजस्तंभापासून ५० मीटरवर ५ मीटरची दोरी आडवी ताणा. दोन्ही टोकांवरून स्तंभ आणि मागे दूर दिसणारी पाण्याची टाकी यांच्यातला कोन टाचण्या लावून कोनमापकाने मोजा. स्तंभ टाकीच्या एकाच बाजूला दिसला तर वजाबाकी, दोन बाजूंना दिसला तर बेरीज. उत्तर ५.७ अंशांच्या आसपास यायला हवं. दोरीच्या लांबीला ५७.३ ने गुणून या कोनाने भागलं की अंतर मिळतं. अर्ध्या अंशाची चूक झाली तर चार-पाच मीटरचा फरक पडतो. टाकी ५०० मीटरवरच असेल तर तीही थोडी सरकते, कोन लहान भरतो आणि अंतर साडेपाच मीटर जास्त येतं. म्हणून मागची खूण शक्य तितकी लांबची हवी. आता दोरी अर्ध्या मीटरची घेऊन बघा, कोनमापक हात टेकतो.

खगोलशास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच होती. सहा महिन्यांच्या अंतराने वेध घेतले तर ३० कोटी किलोमीटरची 'दोरी' मिळते, तरी तारा हलेना. अखेर १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय, म्हणजे या दोन वेधांतल्या सरकण्याचा निम्मा कोन, मोजला. हा तारा आकाशात इतरांपेक्षा भराभर सरकतो, म्हणजे जवळचा असावा, म्हणून त्याने तो निवडला. मधोमध कापलेल्या भिंगाची दुर्बीण वापरून, शेजारच्या दोन मंद ताऱ्यांपासूनचं त्याचं अंतर तो मोजत राहिला. कोन आला ०.३१ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) : उज्जैनला ठेवलेली आठ सेंटिमीटरची वाटी इंदूरच्या राजवाड्यावरून दिसावी तेवढा! त्यावरून अंतर सुमारे १०.३ प्रकाशवर्षं निघालं. आजचा आकडा ११.४ आहे. त्या काळच्या उपकरणावर ही अचूकता थक्क करणारी आहे.

पराशय मोजता येणार नाही इतक्या दूरच्या दीर्घिकांसाठी तेजावर भिस्त ठेवावी लागते. लहान मॅगेलॅनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतले २५ सेफीड तारे (ज्यांचं तेज ठरावीक काळाने चढतं-उतरतं) तपासून हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवलं, की तारा जितका तेजस्वी तितका त्याच्या चढउताराचा काळ मोठा. काळावरून खरं तेज कळतं; तेवढ्याच काळाच्या दुसऱ्या सेफीडपेक्षा दिसणारं तेज शंभरपट कमी भरलं तर अंतर दहापट. मधल्या धुळीने तारा मंद दिसला, तर तो आहे त्याहून दूर वाटतो. शिवाय सेफीड दोन जातींचे निघाले, आणि १९५२ मध्ये बाडे यांनी ते दाखवल्यावर देवयानी दीर्घिकेचं अंतर एकदम दुप्पट धरावं लागलं.

म्हणून विनंती अशी, की अंतराच्या आकड्याशेजारी 'पराशयावरून' किंवा 'सेफीडवरून' एवढे दोन शब्द तरी छापावेत.

आपला,
एक विज्ञानशिक्षक, इंदूर