साठ ते सत्तर : विमा नेमका याच वयात सुटतो

महोदय,

आरोग्य विम्याची चर्चा आपल्याकडे किती घरांत कार्ड आहे यावरच थांबते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2015-16 मध्ये देशातील 28.7 टक्के कुटुंबांत निदान एका व्यक्तीला विम्याचे संरक्षण होते. 2019-21 मध्ये हे प्रमाण 41 टक्के झाले. यातले ‘निदान एका व्यक्तीला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुलाला कंपनीचा विमा असला की घर विमाधारक मोजले जाते, मग आई-वडील त्यात असोत वा नसोत. व्यक्तिवार आकडा या पाहणीत 15 ते 49 वयापुरताच मिळतो : स्त्रिया 30 टक्के, पुरुष 33 टक्के. ज्येष्ठांची वेगळी पाहणी 2017-18 मध्ये झाली, तेव्हा साठीपुढच्या शंभरांपैकी जेमतेम 18 जणांकडे विमा निघाला. 2011 च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत साठीपुढचे 11.2 टक्के होते. या बाबतीत आपल्या पुढे फक्त केरळ.

त्यानंतर 29 ऑक्टोबर 2024 रोजी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आले. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत (एका कुटुंबातील सत्तरीपुढच्या सर्वांत मिळून) रुग्णालयातील उपचार मिळतात आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. ही मोठी सोय आहे. पण कंपनीचा समूह विमा 58 किंवा 60 व्या वर्षी नोकरीबरोबर संपतो. मधली दहा-बारा वर्षे, जेव्हा हृदय आणि गुडघे दोन्ही खर्च काढू लागतात, तेव्हा माणूस कुठे उभा असतो?

गोव्यात तो राज्य सरकारच्या आरोग्य विम्यावर, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेवर असतो. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख. ही रक्कम माणशी नसून अख्ख्या कार्डाची आहे. आजी-आजोबा, मुलगा, सून, नातवंडे एकाच कार्डावर असतील तर एका मोठ्या शस्त्रक्रियेत वर्षभराची शिल्लक आटू शकते. शिवाय कार्डाचे नूतनीकरण राहून गेले तर ते ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा) असलेल्या कामगारांना एक तरतूद सहसा कोणी सांगत नाही. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी व पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. निवृत्तीच्या कागदपत्रांबरोबरच हा अर्ज भरून घ्यावा.

खासगी पॉलिसी साठीनंतर काढायची म्हटली तर आता वयाची आडकाठी नाही. पासष्टीची अट 2024 मध्ये गेली. मात्र आधीपासूनच्या रक्तदाब-मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून पॉलिसी पन्नाशीतच, कंपनीचा विमा चालू असताना काढावी. म्हणजे निवृत्तीच्या आतच प्रतीक्षेची तीन वर्षे सरतात. सलग पाच वर्षे झाली की माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा फेटाळता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. ज्यांना हे जमले नाही त्यांनी निवृत्तीच्या निदान महिनाभर आधी समूह विमा देणाऱ्या कंपनीकडेच वैयक्तिक पॉलिसीत वर्ग होण्याचा अर्ज करावा. आई-वडिलांना मुलांच्या फ्लोटर (सर्वांत मिळून एकच रक्कम असलेल्या) पॉलिसीत घालू नये, कारण त्यात हप्ता सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो.

दाव्याचे पैसे कापले जातात ते बहुधा खोलीभाड्यात. पाच लाखांच्या पॉलिसीत भाडे एक टक्का म्हणजे दिवसाला 5,000 रुपये मान्य असेल आणि रुग्ण 8,000 च्या खोलीत राहिला, तर फक्त वरचे तीन हजार जात नाहीत. डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, परिचर्या हे खर्चही पाच-अष्टमांशच मंजूर होतात. 1,20,000 चे 75,000. त्यावर दाव्यातले 20 टक्के स्वतः भरण्याची अट असेल तर हातात 60,000. औषधे, तपासण्या, इम्प्लांट आणि अतिदक्षता विभाग या प्रमाणशीर कपातीत येत नाहीत. बिलात त्यांनाही कात्री लागली असेल तर विमा कंपनीकडे लेखी हरकत घ्यावी. महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. गोवा पुणे कार्यालयाखाली येतो.

वय वंदना कार्डाची नोंदणी आधारवर चालते आणि अडते तीही तिथेच. आज सत्तरीत असलेले पोर्तुगीज राजवटीत जन्मले. जन्मनोंदणीत नाईकचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे. जन्मतारीख चुकली असेल तर आधारवर ती एकदाच बदलता येते, म्हणून खात्रीचा दाखला हाती आल्याशिवाय बदलू नये. बोटांचे ठसे झिजले असतील तर चेहरा किंवा ओटीपीने पडताळणी होते, पण ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा.

सरकारकडे मागणी दोन गोष्टींची आहे. दीनदयाळ कार्डावर 60 ते 69 वयाच्या सदस्यांसाठी कुटुंबाच्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम ठेवावी आणि योजनेतील दाव्यांचे आकडे दरवर्षी वयोगटानुसार जाहीर करावेत. दुसरे, राज्याच्या मासिक अर्थसाहाय्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे ज्येष्ठ लाभार्थी दरवर्षी हयातीचा दाखला देतातच. त्याच दिवसांत, त्याच ठिकाणी वय वंदनाची नोंदणी आणि दीनदयाळ कार्डाचे नूतनीकरण करून द्यावे. काणकोण किंवा सत्तरी तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी वेगळी बस धरायला लागू नये.

— एक विमा सल्लागार, फोंडा