थंडीत मागचं डिफ लॉक होत नव्हतं, त्या दादांना जाहीर थँक्यू

दादा, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. ट्रकचं मागचं लॉकिंग डिफरेन्शियल (डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र लॉक करणारा) सुरू झालं याचा आनंद तर आहेच, पण तुम्ही ज्या पद्धतीने ते शोधायला लावलंत ती पद्धत बाकीच्यांना पण कळायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

प्रॉब्लेम काय होता तर दुपारी बटण दाबलं की मागून खट् आवाज यायचा, डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर, दोन्ही चाकं एकत्र ओढायची, एकदम मस्त. आणि पहाटे पारा शून्याखाली गेलेला असला की तोच दिवा नुसता लुकलुकत राहायचा, बर्फात एक चाक भिरभिरतंय आणि दुसरं ढिम्म. ज्याला दाखवलं तो म्हणायचा डिफ खोलावं लागेल, आतला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जोडणारा भाग) गेला. तुम्ही एकटे म्हणालात, "आतलं मोडलं असतं तर दुपारी पण चाललं नसतं. थंडीत काय काय बदलतं ते आधी बघ." सगळं या एका वाक्यावर सुटलं बघा.

तुमचा पहिलाच प्रश्न होता की दिवा उभ्या गाडीत लुकलुकतो का हलत्या. तेव्हा तुम्ही समजावलंत की लुकलुकणं म्हणजे लगेच बिघाड नाही, बटणाचा हुकूम गेलाय पण लॉक बसल्याची खबर सेन्सरकडून अजून आली नाही एवढाच त्याचा अर्थ. आतले दात समोरासमोर आल्याशिवाय एकमेकांत बसतच नाहीत, म्हणून लो रेंजमध्ये (सगळ्यात हळू, जोरदार गिअरमध्ये) अगदी हळू थोडं पुढे थोडं मागे, स्टिअरिंग किंचित वळवून गाडी हलवायची. आणि चाक जोरात फिरत असताना बटणाला हात लावायचा नाही, दात तुटतात. हे सगळं करून पण पहाटे लॉक बसत नव्हतं, म्हणजे मग खरंच काहीतरी होतं.

मग तुम्ही सांगितलंत की ट्रक रात्रभर बाहेर उभा ठेव आणि सकाळी गरम व्हायच्या आधी मोज, गरम गॅरेजमध्ये आणून मोजलंस तर काहीच सापडणार नाही. इथेच सगळे फसतात असं मला वाटतं, कारण गाडी कामाला घेईपर्यंत ती गरम झालेली असते आणि बिघाड गायब!

मोजायचं कसं ते तर कुणीच सांगत नाही. एक्सलवरचा (मागच्या चाकांच्या दांड्यावरचा) लॉकरच्या वायरीचा कनेक्टर काढून मीटर लावला तर १२ व्होल्टच्या वर दाखवत होतं, म्हणजे वरवर वायरिंग ठणठणीत. तुम्ही म्हणालात हे माप खोटं, मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही, त्यामुळे सडक्या वायरीतून पण पूर्ण व्होल्टेज दिसतं. कनेक्टर जोडलेला ठेव, बटण ऑन कर, मागून मीटरची पिन घाल आणि कॉइल (लॉकर बसवणारं विजेचं चुंबक) करंट ओढत असताना बघ. बघितलं तर ८ च्या आसपास! मग कॉइलच्या मायनस वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजायला लावलंत, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे आणि ३ च्या वर दिसत होतं. म्हणजे अर्थिंग (करंट चासीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट) खराब. चासीवर जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते तिथे वरून सगळं छान, पण बोल्ट काढला तर गोल टर्मिनलच्या खाली नुसता भुरभुरीत गंज. ब्रशने घासून चकचकीत पत्रा काढला, टर्मिनल नवीन टाकलं, आवळून वर ग्रीस लावलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा स्थिर.

थंडीतच का, याचं तुमचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के कमी होतो, म्हणजे २० वरून उणे २० वर गेलं की १५-१६ टक्के कमी. गार कॉइल उलट जास्त करंट मागते आणि गंजलेल्या जोडावर व्होल्टेज अजूनच पडतं, त्यात बॅटरी पण गारठलेली. सगळे "थंडीने कॉइल कमजोर होते" म्हणत होते, ते उलटंच निघालं.

ऑइलचं पण सांगतो कारण तुम्ही नसतं सांगितलं तर ते तसंच राहिलं असतं. ड्रेन केल्यावर डिफमधून दुधाळ राखाडी ऑइल निघालं, म्हणजे पाणी गेलेलं. ब्रीदर (डिफमधली हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलाने बुजला होता, आणि गरम एक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. शिवाय आत ८५डब्ल्यू-१४० ग्रेडचं जाड ऑइल होतं (डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं). ८५डब्ल्यू ची थंडीतली पातळपणाची हद्द उणे १२ ला, ८०डब्ल्यू ची उणे २६ ला आणि ७५डब्ल्यू ची उणे ४० ला तपासतात, त्याच्या खाली ऑइल डिंकासारखं होतं आणि लॉकरचे भाग सरकायलाच वेळ लावतात. आता मॅन्युअलमध्ये आहे तसं ७५डब्ल्यू-९० भरलंय.

शेवटी दोन्ही मागची चाकं स्टँडवर घेऊन, पुढच्या चाकांना ठोकळे लावून, न्यूट्रलमध्ये तुमची हाताने फिरवायची टेस्ट पण केली. लॉक नसताना एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं, लॉक केल्यावर दोन्ही एकाच दिशेने. भर थंडीत ते दुसरं चाक हाताबरोबर फिरताना बघून काय बरं वाटलं सांगू.

दादा, तुम्ही स्वतःचं काम सोडून पहाटे फोन उचललात, प्रत्येक आकडा ऐकून घेतलात, आणि एकदाही "जाऊ दे, खोलून टाक" म्हणाला नाहीत. खूप खूप आभार. ब्रीदरची नळी वर नेऊन बांधायची राहिलीये, या आठवड्यात करतो आणि तुम्हाला फोटो पाठवतो, क्लिप बरोबर बसलीये का तेवढं बघून सांगा.